द्यायचं तर पुरतं काम द्या

मल्हारराव होळकर मोहिमेवरून सुनेला, अहिल्याबाईंना, पत्रं धाडत. 1765 सालच्या पत्रांत ख्यालीखुशालीपेक्षा कामाचाच मजकूर जास्त. चंबळ उतरून ग्वाल्हेर गाठा, तिथे चार-पाच दिवस मुक्काम करा, मोठ्या तोफा जवळ ठेवा, त्यांच्या दारूगोळ्याची तजवीज करा, वाटेच्या रक्षणासाठी ठाणी बसवा. अहिल्याबाईंचे पती खंडेराव 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात मारले गेले होते. अहिल्याबाई चाळिशीला पोचल्या होत्या आणि सासऱ्याच्या कारभारात मुरल्या होत्या. पुढच्याच वर्षी मल्हारराव आलमपूरला वारले, त्याच्या पुढच्या वर्षी अहिल्याबाईंचा मुलगा मालेरावही गेला, आणि 1767 पासून 1795 पर्यंत महेश्वरात बसून त्या बाईने राज्य चालवलं.

इंदुरात विमानतळाला त्यांचं नाव, विद्यापीठाला त्यांचं नाव. मुलांना घरच्या कामाला कसं लावावं असं आईबाप विचारतात तेव्हा मला मात्र ती पत्रं आठवतात. कुठे जायचं, किती दिवस थांबायचं, बरोबर काय न्यायचं, आधी कशाची सोय लावायची हे सगळं त्यांत आहे. रोज उठून मला विचार, असं कुठेही नाही. काम तोफखान्याएवढं असो की कोपऱ्यावरच्या दुकानाएवढं, सोपवण्याची रीत हीच.

आपल्या घरांत बहुतेक उलटं चालतं. आई डबे करते, मुलगा मदत करतो. म्हणजे काय, तर "अरे, तेवढी कोथिंबीर निवड", "जरा खाली जाऊन ये", "त्या काकांना फोन लाव". दिवसभरात वीस हुकूम आणि एकही काम त्याचं स्वतःचं नाही. असा मुलगा दमतो खूप, शिकतो थोडं. उद्या डबा उशिरा गेला तर ती चूक कुणाची, हे त्याला ठाऊक नसतं, कारण काम कुणाचं हेच कधी ठरलेलं नसतं. जबाबदारी अंगात यायची असेल तर लहान का होईना, पण सुरुवातीपासून शेवटापर्यंतचं पुरतं काम मुलाच्या नावावर हवं. या लेखात सांगायचं ते मुख्यतः एवढंच. बाकी सगळं तपशिलाचं.

इंदूरच्या मराठी घरांना हे नवं नाही. गिरण्या होत्या तोवर पगारावर घरं चालली. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागून 224 कोटी रुपये सुटायला 2023 चा डिसेंबर उजाडला. मधली बत्तीस वर्षं ती घरं कशावर चालली असतील? शिलाई मशीन, पापड-कुरडया, मसाले, खानावळ, गल्लीतलं किराणा दुकान, आणि त्या प्रत्येकाच्या मागे शाळेतून आलेली मुलं. आज भंवरकुआँ भागात स्पर्धा परीक्षांसाठी बाहेरगावची मुलं खोल्या घेऊन राहतात. त्यांना घरचं जेवण पोचवणाऱ्या बायांच्या स्वयंपाकघरात डोकावलात तर तिथेही एखादा शाळकरी मुलगा किंवा मुलगी दिसेल. प्रश्न त्यांनी काम करावं की नाही हा नाही. कोणतं करावं आणि कोणत्या वयात, हा आहे.

आधी कायदा, कारण त्याबद्दल गैरसमज फार. 14 वर्षांखालच्या मुलाला कुठेही कामाला ठेवता येत नाही. 2016 मध्ये बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा घरच्या व्यवसायात मदत करण्याची मोकळीक मिळाली, ती शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत. तेवढंच वाक्य लोकांच्या लक्षात राहिलं. 2017 च्या नियमांनी या मदतीला घातलेल्या अटी कुणी वाचत नाही. मदत संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळात चालत नाही. विश्रांती सोडून दिवसाला 3 तासांच्या वर चालत नाही. मोठ्या माणसाच्या जागी मूल उभं करता येत नाही. गृहपाठ बुडता कामा नये. आणि ज्या उत्पादनातून किंवा विक्रीतून कमाई होते ते काम ही 'मदत' धरली जात नाही. धोकादायक कामांची वेगळी यादी कायद्याला जोडलेली आहे, त्यांत तर घरच्यांबरोबरही हात लावायचा नाही. आपलं काम त्या यादीत येतं का, हे श्रम विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारून घ्या.

आता सराफ्याचं उदाहरण घ्या. राजवाड्यामागे सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की तिथे खाण्याचा बाजार सुरू होतो, भुट्ट्याचा कीस आणि गराडूच्या कढया मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या असतात. बापाची गाडी तिथे असेल तर दहा-बारा वर्षांच्या पोराला वाटतंच की आपणही जावं. बापालाही चार हात हवे असतात. पण रात्री दहा वाजता प्लेटा उचलणारं सातवीतलं पोर कायद्यातही बसत नाही आणि दुसऱ्या दिवशीच्या गणिताच्या तासालाही जागं राहत नाही. गिऱ्हाईक कौतुक करतं, "क्या बात है, बाप के साथ लगा है." त्या कौतुकाला भुलू नका.

मग चौदाच्या आतल्या मुलाने काय करावं? माझं मत असं की त्याला धंद्यात घेऊच नये, घर त्याच्या हातात द्यावं. आई पहाटेपासून तीस डबे करते तेव्हा हाल कशाचे होतात? तिच्या स्वतःच्या घराचे. पिण्याचं पाणी भरलेलं नसतं, गणवेश वाळलेला नसतो, धाकटीचं दप्तर तसंच पडलेलं असतं. यातली एक बाजू पूर्ण मुलाकडे द्या. दहा वर्षांच्या मुलाला म्हणा, "बाळा, आजपासून घरातल्या पाण्याचं तू बघायचंस." म्हणजे नळ कधी येतो हे त्याला माहीत हवं, माठ कधी घासायचा हे त्याला माहीत हवं, आणि नळ येणार नसेल तर आदल्या दिवशी भरून ठेवायला हवं. आठवण करायची नाही. एखाद्या दिवशी माठ कोरडा निघाला तर घर थोडा वेळ तहानलेलं राहील, बिघडत नाही. त्या दिवशी तुम्ही धावत जाऊन भरलंत तर काम परत तुमचं झालं.

कचऱ्याचंही तसंच. इंदूर 2017 पासून स्वच्छतेत देशात पुढे आहे ते सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या गाडीमुळे, आणि त्या गाडीत टाकण्याआधी घराघरांत होणाऱ्या ओल्या-सुक्याच्या वर्गवारीमुळे. घरची वर्गवारी बारा वर्षांच्या मुलीकडे सोपवून पाहा. घरातली मोठी माणसं चुकीच्या डब्यात काय टाकतात ते ती आठवड्याभरात सांगायला लागेल, आणि आजोबांनाही सोडणार नाही.

चौदानंतर धंद्याचं दार उघडा, पण तेही धोक्याची कामं सोडूनच. कढई, भट्टी आणि गॅसच्या टाकीपासून लांब ठेवा. पहिलं काम म्हणून मी नेहमी उधारीची वही सुचवतो, आणि इथे जरा थांबतो, कारण घरगुती धंद्यातलं सगळं शहाणपण त्या एका वहीत असतं.

डब्याचा धंदा महिन्याच्या उधारीवर चालतो. वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. तारीख, सकाळचा डबा, संध्याकाळचा डबा, खाडा, आलेले पैसे, बाकी. रात्री जेवणं झाली की आईबरोबर बसून मुलाने त्या दिवसाच्या खुणा करायच्या. खाडा कुणी कळवला होता आणि कुणी डबा परत पाठवला, यात फरक आहे. कळवला असेल तर पैसे कापायचे, न कळवता परत आला तर नाहीत. हा नियम आईच्या डोक्यात असतो, कागदावर कुठेच नसतो. मुलगा विचारेल, "आई, त्या खरगोनच्या दादाचे तू कापलेस आणि याचे नाही, असं का?" उत्तर देताना तुम्हालाच कळेल की तुमचा नियम सगळ्यांना सारखा नाही. एक पोरगा आजारी होता म्हणून सोडून दिलं, दुसरा गोड बोलला म्हणून. हे मुलाला मोकळेपणाने सांगा. धंद्यात माणूस पाहून सूट द्यावी लागते, आणि दिलेली सूटही वहीत लिहावी लागते, हे दोन्ही त्याला तिथेच समजेल.

महिनाअखेरीस बाकी मागायचं काम त्याच्याकडे आलं की खरी परीक्षा. आपल्यापेक्षा मोठ्या, एमपीपीएससीची तयारी करणाऱ्या मुलाच्या दारात उभं राहून "भैया, पिछले महीने का हिसाब बाकी है" एवढं म्हणायला पंधरा वर्षांच्या पोराची जीभ अडते. पहिल्या वेळी बरोबर जा, पण बोलू द्या त्यालाच. समोरच्याने "अगले हफ्ते" म्हटलं तर तारीख विचारून वहीत त्याच्यासमोरच लिहायची, हे त्याला आधी सांगून ठेवा. चिडायचं नाही, लाजायचं नाही, आणि रस्त्यात चारचौघांत तर मुळीच मागायचं नाही. पैसे बुडवणारा एखादा निघतोच. खोली सोडून गेला, फोन बंद. अशा पानावर मुलालाच 'बुडीत' असं लिहू द्या आणि त्या रकमेत किती डब्यांचं पीठ-तेल गेलं ते काढायला लावा. त्यानंतर नव्या गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम घ्यायची गोष्ट तोच काढेल.

गल्ल्यावर बसवण्याआधी एक शिकवण द्या. गिऱ्हाइकाने मोबाइल पुढे करून "पेमेंट हो गया" म्हटलं तरी त्याचा पडदा पाहायचा नाही, आपल्या फोनवर किंवा साउंडबॉक्सवर रक्कम आल्याची खात्री करायची. खोटे स्क्रीनशॉट दाखवून मुलांना सहज फसवता येतं. आणि सुट्टे देताना चूक झाली तर गिऱ्हाइकापुढे ओरडू नका. रात्री गल्ला मोजताना पन्नास रुपये कमी भरले तर ते वहीत 'कमी' म्हणून लिहायचे, बस्स. खिशातून भरायला लावलंत की पुढच्या वेळी चूक लपवली जाईल, आणि लपवलेली चूक पन्नासात भागत नाही.

सोळा-सतराव्या वर्षी खरेदी द्या. सियागंजात आईबरोबर चार वेळा गेलेला मुलगा पाचव्यांदा एकटा जाऊ शकतो. यादी त्यानेच करायची, भाव दोन दुकानांत विचारायचा, पावती आणायची. तूरडाळ पाच रुपयांनी महाग आणली तर आल्या-आल्या टोचून बोलू नका. त्या महिन्याचा हिशेब करताना तो आकडा आपोआप समोर येतो. भाजीसाठी चोइथराम मंडीत पहाटे जायचं असेल तर मोठं माणूस बरोबर हवंच.

डबे पोचवण्याबद्दल मात्र मी कडक आहे. "जवळच तर जायचंय" म्हणत पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती स्कूटर देणारी घरं प्रत्येक कॉलनीत आहेत. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा असतो, रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर त्यात बसत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. डबे सायकलवर जाऊ द्या, किंवा पायी जातील तेवढेच घ्या.

पैशाचं काय? चौदाच्या आत घरकामाचे पैसे देऊच नयेत, घर त्याचंही आहे. त्यापुढे धंद्यात नेमाने काम करणाऱ्या मुलाला महिन्याची ठरावीक रक्कम द्यावी असं मला वाटतं, आणि ती हातात देण्याऐवजी त्याच्या खात्यात टाकावी. दहा वर्षांवरचं मूल स्वतःच्या सहीने बचत खातं उघडून वापरू शकतं, मर्यादा बँक ठरवते. रक्कम लहान असली तरी तारखेला द्या. मुलाचे पैसे "पुढच्या महिन्यात" म्हणणारे बाबा त्याला उधारी बुडवायलाच शिकवत असतात.

घराची खरी परिस्थिती मुलांना सांगावी की नाही, यावर घराघरांत वाद होतात. सांगावी, पण आकड्यांत. "आपली फार ओढाताण चालू आहे बरं का" हे वाक्य मुलाच्या मनात नुसती धास्ती भरतं. त्याऐवजी भाडं किती, गॅस किती, डब्यांतून आले किती, फी किती भरायची आहे हे एका कागदावर मांडा. चौदा-पंधरा वर्षांची मुलं असा कागद शांतपणे वाचतात. सावकाराचा तगादा, नातेवाइकांशी बिघडलेलं, नवरा-बायकोतला ताण, हे मात्र त्या कागदावर आणू नका. काम वाटून घ्यावं. घोर आपल्यापाशीच ठेवावा.

याच शहराच्या शीख मोहल्ल्यात 28 सप्टेंबर 1929 रोजी जन्मलेल्या मुलीची गोष्ट इथे कुणीतरी काढतंच. मास्टर दीनानाथ मंगेशकरांनी लताला पहाटे उठवून तंबोऱ्याजवळ बसवलं. 'सौभद्र'मधला नारदाचा नट आजारी पडला तेव्हा त्या चिमुरडीने ती भूमिका निभावली, असं त्या स्वतः सांगत. वडिलांच्या शेजारी रंगमंचावर उभं राहून कला कशी अंगी बाणते, याचा याहून मोठा दाखला नाही. इथवर ते अनुकरणीय. पण बलवंत संगीत मंडळी मोडली, सिनेमाच्या व्यवसायात हात पोळले, आणि 24 एप्रिल 1942 ला दीनानाथ पुण्यात गेले तेव्हा लता तेरा वर्षांचीही नव्हती. मास्टर विनायकांनी आधार दिला, त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर'मध्ये तिने काम केलं, चेहऱ्याला रंग लावणं मुळीच आवडत नसताना. पाच भावंडांतल्या थोरलीवर आईचं नि धाकट्या चौघांचं पोट आलं. याचं कौतुक करा, पण आपल्या मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवू नका. हातपाय धड असलेला बाप घरात असताना तेरा वर्षांच्या मुलीला "आता तुझ्यावरच आहे गं सगळं" म्हणणं हा अन्याय आहे.

मुलींवरून आणखी एक. दुकान असलेल्या घरात मुलगा गल्ल्यावर बसतो आणि मुलगी माल निवडते, पुड्या बांधते, वर घरचा स्वयंपाकही करते. वही, बँक, खरेदी आणि गिऱ्हाइकाशी बोलणं यांतलं निम्मं तिच्याकडे गेलंच पाहिजे. मल्हाररावांनी सुनेला तोफखाना दिला होता, आपल्याला चाव्या द्यायला काय हरकत आहे?

परीक्षेचा काळ आधीच ठरवून ठेवा. मध्य प्रदेश मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चात येतात, तेव्हा महिनाभर आधी मुलाचं काम थांबवा. थांबवताना त्याने ते नीट दुसऱ्याकडे सोपवावं: वहीत कुणाची बाकी कुठवर आली, कोण कधी देणार आहे, कुणाचा डबा बिनकांद्याचा. एक कागद लिहून बाबांच्या हातात. सुट्टी घेण्याची ही रीत नोकरीत लागलेल्या कित्येक तरुणांना येत नाही. आणि वर्षाच्या मध्येच वर्गात झोप, घसरलेले गुण, खेळायला जाणं बंद, अशी लक्षणं दिसली तर परीक्षेची वाट न पाहता काम निम्म्यावर आणा. दुसऱ्याच्या दुकानात किंवा घरात लहान मूल राबताना दिसलं तर 1098 वर कळवता येतं, चोवीस तास.

अठरा-एकोणिसाव्या वर्षी मुलगा म्हणेल, मला पुण्याला शिकायला जायचंय, हे डबे मला करायचे नाहीत. जाऊ द्या. दुकान चालवायला वारस मिळावा म्हणून त्याला वही शिकवली नव्हती. धाकटी असेल तर तिला त्याच्याकडून वही समजून घ्यायला सांगा, नसेल तर दोन डबे कमी करा.

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायला लागण्याआधी एक संध्याकाळ मोकळी काढा. मुलांना घेऊन बसा, घरातली आणि धंद्यातली सगळी कामं कागदावर लिहा आणि प्रत्येक कामापुढे एकच नाव घाला. चकलीचा घाणा सुरू झाल्यावर शिकवायला कुणालाच सवड नसते.